कागदावरचा गुरुवार

उजवा हात डोक्यावरून ने, मास्तर म्हणाले,
आणि डावा कान धर.
माझी बोटं कानाच्या वरच्या कडेला टेकली, जेमतेम.
तेवढ्यावर मी सहा वर्षांची झाले.

बाबाला विचारलं, जन्म कधीचा?
तो नखातली माती काढत राहिला.
म्हणाला, वरी कापून झाली होती,
तानसाचं पाणी उतरायला लागलं होतं,
आणि वार शनिवार. म्हणून तर शनवारी.
मास्तरांनी चष्मा पुसला, लिहिलं :
शर्वरी लहानू हिलम. एक जून पंच्याण्णव.

आश्रमशाळेत आम्ही चाळीस जणी
एकाच तारखेला जन्मलेल्या.
एक जूनला शाळेला सुट्टीच असायची.
चाळीस वाढदिवस आपापल्या पाड्यावर
मोहट्या वेचत निघून जायचे.
शर्वरी म्हणजे रात्र, हे मला सातवीत कळलं.
तोवर हजेरीला हे नाव आलं की
मी आधी मागे वळून बघायचे.

आईने मला शाळेत घातलं ते अक्षरासाठी नाही.
तिथे दोन वेळा भात होता.
सत्काराच्या भाषणात मी हे सांगत नाही.
धाकटी झिमी घरी राहिली,
कारण भट्टीवर आई चिखल तुडवायची तेव्हा
तान्ह्याला कुणीतरी धरायला हवं होतं.

अकरावीच्या दिवाळीत भिवंडीचा मुकादम आला.
त्याला जोडी हवी होती.
उचल मिळते ती जोडीला,
एकट्या पोराच्या हातावर कोण पैसे ठेवतो?
पोरगा वाईट नव्हता.
बाजारातून त्याने निळ्या बांगड्या आणल्या,
त्यातली एक वाटेत फुटलेली.
हळद वाटून झाली होती,
तेव्हा किन्हवलीहून अधीक्षिका बाई आल्या स्कूटीवरून,
पदराने घाम पुसत दाखला उघडला,
बोट ठेवलं :
सोळा.

खरं वय सोळा होतं की अठरा,
माझ्या कानालाही ठाऊक नाही.
हात बोटभर लांब असता
तर मी त्या दिवशी थोरली ठरले असते,
आणि आज माझ्या तळव्यांना विटेची साल चिकटलेली असती.

मांडव मात्र मोडला नाही.
वाटलेली हळद टाकायची कुठे?
झिमीला उभं केलं.
तिचं नाव कुठल्याच हजेरीत नव्हतं,
बोट ठेवायला कागदच नव्हता.
बाई विचारत राहिल्या, अहो हिचं वय किती?
सगळा पाडा तिच्या उंचीकडे बघून म्हणाला,
अठरा, अठरा.
ती माझ्याहून लहान, हे सांगायला
तिथे मी एकटीच शिकलेली होते.
मी बोलले नाही.
माझी पिशवी भरून तयार होती.

आता उपकेंद्राच्या भिंतीला माझं घड्याळ आहे,
काटा माझा, नोंदवही माझी.
आईला अजून वाटतं मी सुया टोचते.
मी तारखा लिहिते. अंदाजाने एकही नाही.
एका रात्री मोबाईलवर उलटं मागे जात पाहिलं :
पंच्याण्णवचा एक जून
गुरुवार होता.

परवा झिमी आली, तिसऱ्या खेपेची,
भट्टीवरून थेट, केसांत राख.
मुलगी. दोन किलो शंभर.
पहाटे चार वाजून अकरा मिनिटं.
मी अकरा दोनदा गिरवलं.
झिमीने डोळे न उघडता विचारलं,
वार कोणता गं?
बुधवार.
मग बुधी, ती म्हणाली, आणि हसली,
मला वाटतं हसली.

पोरीला पुसून घेताना
मी तिचा इवला हात डोक्यावरून नेऊन पाहिला.
कान फार लांब होता.
काय करतेस, झिमी म्हणाली,
गुंडाळ तिला,
गार वारं सुटलंय.